मदत हवी आहे: आईचं टेट्रिस टीव्हीवर 'उशिरा' हलतंय, वयामुळे की टीव्हीमुळे?

नमस्कार मंडळी. गेमिंगमधलं मला शून्य कळतं, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

आई (वय ६७) नोकरीत असताना ठाणे ते व्हीटी लोकलमध्ये ब्रिक गेम (हातात मावणारं टेट्रिस) खेळायची. तोच तो ९९९९ इन १ वाला, पिवळी बटणं, दोन पेन्सिल सेल. लेडीज डब्यात चौथ्या सीटवर अर्धवट टेकून, पर्स कोपरात अडकवून, घाटकोपर येईपर्यंत हिचा स्पीड नऊवर गेलेला असायचा. पुढे त्यात सेल फुटून गंजले आणि गेम गेला, आई मात्र अजून हळहळते.

आता भाच्याने पीएस५ (टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल) घेतला म्हणून त्याचा जुना पीएस४ आमच्याकडे आला, तर मी हौसेने त्यावर टेट्रिस इफेक्ट घेऊन दिलं, दिसायला एकदम झकास, ठोकळ्यांच्या मागे देवमासे वगैरे पोहतात (आई: "हे कशाला मध्येमध्ये?"). पण तिला जमतच नाहीये हो. दोन घरं सरकवायला जाते तर ठोकळा तीन घरं सरकतो. लांबड्यासाठी (चार घरांचा सरळ ठोकळा) कडेची उभी रांग मोकळी ठेवते आणि ऐन वेळी तिथे भलतंच काहीतरी जाऊन बसतं. दुसरं म्हणजे कधीकधी ठोकळा मध्येच धाडकन खाली जातो. भाऊ म्हणाला "आई, आता वय झालं तुझं", त्यावर ती काही न बोलता कंट्रोलर ठेवून मेथी निवडायला बसली. मला फार वाईट वाटलं. खरंच वय आहे का काही सेटिंग असतं?

आणि हो, तिची तिसरी तक्रार: "यात लांबडा फारच वेळेवर येतो, काहीतरी लबाडी आहे."

घोडबंदरचा_ट्रॅफिक:
वय-बिय काही नाही, टीव्ही आहे. टीव्ही चित्र गुळगुळीत दाखवायला प्रत्येक फ्रेमवर, म्हणजे एकेका चित्रावर, प्रोसेसिंग करत बसतो, त्यात वेळ जातो. सिनेमात कळत नाही, गेममध्ये बोंब. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर सहा फ्रेमचा उशीर म्हणजे १०० मिलिसेकंद, आणि तुमच्या आईच्या अंगठ्याला उशीर नसलेल्या एलसीडीची सवय. टीव्हीत गेम मोड शोधा. पीएस४ ज्या एचडीएमआयला लावलाय तो चालू असतानाच लावा, बऱ्याच टीव्हींमध्ये ते सेटिंग प्रत्येक पोर्टचं वेगळं असतं. खात्री करायची तर मोबाइलवर स्लो मोशनमध्ये अंगठा आणि स्क्रीन एकत्र शूट करा आणि फ्रेम मोजा.

आवाज टीव्हीतूनच येतोय ना? ब्लूटूथ स्पीकर असेल तर आधी तो काढा. या गेममध्ये ठोकळा हलवला, फिरवला की आवाज होतो, तो उशिरा आला की हात आपोआप चुकतो.

चकली_भाजणीची:
धाडकन पडतो तो हार्ड ड्रॉप. डी-पॅडवर (कंट्रोलरवरची चार दिशांची बटणं) वरचं बटण दाबलं गेलं की ठोकळा थेट तळाला. ब्रिक गेमची बटणं सुटी सुटी होती, इथे चारही एकाला एक चिकटलेली, अंगठा घसरतोच. पीएस४ च्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात बटन असाइनमेंट्स, तिथे बदलता येईल, पण मग ते सगळीकडेच बदलतं, मेनूमध्येसुद्धा. माझं मत, बदलू नका, आठवड्यात सवय होते आणि मग हार्ड ड्रॉपशिवाय करमत नाही.

जुनाजाणता:
मातोश्रींना आमचा नमस्कार सांगा, लबाडी बरोब्बर पकडली त्यांनी! हल्लीच्या टेट्रिसमध्ये सातही आकार जणू एका पिशवीत घालून एकेक काढतात, पिशवी संपली की परत सात. म्हणजे दोन लांबड्यांच्या मध्ये फार फार तर १२ दुसरे ठोकळे. जुन्यात असा काही कायदा नव्हता, लांबडा रुसला की रुसला. १९८४ साली मॉस्कोत पाजित्नोव्हने ज्या इलेक्ट्रॉनिका ६० कॉम्प्युटरवर हा गेम पहिल्यांदा केला त्यावर तर चित्रंसुद्धा नव्हती, कंस टाइप करून ठोकळे दाखवायचे. वयाचं म्हणाल तर माझं ७१, आणि मी भावाशी अजिबात सहमत नाही.

यातच मल्टिप्लेअरमध्ये क्लासिक स्कोअर अटॅक म्हणून मोड आहे, जुन्या पद्धतीचा. होल्ड (ठोकळा नंतरसाठी बाजूला ठेवणं) नाही, हार्ड ड्रॉप नाही. तो दाखवा त्यांना.

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार!! स्लो मोशनमध्ये शूट केलं, २४० फ्रेमवाला मोड. बटण दाबल्यापासून ठोकळा हलेपर्यंत ३१ फ्रेम, म्हणजे जवळजवळ १३० मिलिसेकंद. गेम मोड लावून परत मोजलं तर १६. आणि हो, हॉलमध्ये ब्लूटूथ स्पीकरच होता, काढला. भावाला दोन्ही व्हिडिओ पाठवलेत, अजून निळ्या टिका नाहीत.

पिशवीचं ऐकून आई म्हणाली "बघ, मी म्हटलं नव्हतं." काल रात्री कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या, भाताचा लगदा झाला, कोणी काही बोललं नाही.

क्लासिक मोड तिला दाखवला. तो दोघांत खेळायचा आहे कळल्यावर तिने परस्पर कळव्याच्या मावशींना फोन लावला, लोकलमध्ये दुसरा ब्रिक गेम त्यांच्याकडे असायचा. रविवारी येतायत. तेव्हा आता नवा प्रश्न: नौपाडा, गोखले रोड, राम मारुती रोड या बाजूला पीएस४ चा ओरिजिनल कंट्रोलर कुठे मिळेल? शनिवारपर्यंत हवाय.