मधल्या वेळेला मुलांना संत्रं: खरंच पुरतं का?

खारूताई
माझी मुलगी सहा वर्षांची, मुलगा तीन. शाळेतून आलं की बिस्किटांचा पुडा, हा रोजचा शिरस्ता होता. महिन्याभरापूर्वी तो बंद केला आणि त्या जागी प्रत्येकी एक ताजं संत्रं ठेवलं. मंदारिन म्हणतात ते सैल सालीचं, मोसंबी नव्हे. सुरी लागत नाही, मुलगी स्वतः सोलते. सोललेलं मध्यम फळ ८८ ग्रॅमच्या आसपास भरतं. त्यात साधारण २३ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, ४७ कॅलरी, दीडेक ग्रॅम चोथा. अमेरिकेतल्या शिफारशीप्रमाणे चार ते आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला २५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. म्हणजे एका फळात दिवसाची गरज जवळपास भागली. मधल्या वेळेसाठी याला तोड नाही असं माझं ठाम मत झालंय. वेगळं मत असेल तर कारणासकट लिहा.

उलटतपासणी
"तोड नाही" हे पटलं नाही. ४७ कॅलरी तुम्हीच लिहिल्यात. फळात ८५ टक्के पाणी, प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत, स्निग्धांश नावाला. दोन तास खेळून आलेल्या पोराचं त्यानं काय होणार? माझ्या मुलाला आम्ही हेच देत होतो. अर्ध्या तासात तो पुन्हा स्वयंपाकघरात यायचा आणि मग हाताला लागेल ते खायचा. शिवाय एका फळात नऊ ग्रॅम साखर आहे, म्हणजे दोन चमचे. ती कुणी मोजत नाही.

वाचनवेडी
साखरेची गल्लत होतेय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये साखरेवर जी मर्यादा सुचवली, ती वरून घातलेल्या साखरेवर आणि मध, फळांचे रस वगैरेंतल्या साखरेवर आहे. अख्ख्या ताज्या फळातली साखर त्यात धरलेली नाही. कारण फोड चावावी लागते, पापुद्र्यासकट पोटात जाते, वेळ लागतो. रस काढला की हे सगळं गेलं. एका बैठकीत चार संत्री कुठलं मूल खाणार नाही, पण चार संत्र्यांचा रस अर्ध्या मिनिटात पितं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१७ मध्ये एक वर्षाखालच्या बाळांना रस देऊच नका असं सांगितलं. एक ते तीन वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त १२० मिलिलिटर. पाकातल्या डबाबंद फोडीही ताज्या फळाच्या रांगेत बसवू नका.

उलटतपासणी
साखरेचं मागे घेतो, मी अख्खं फळ आणि रस एकत्र केलं होतं. भुकेचं मात्र मागे घेत नाही.

दातांची डॉक्टर
माझा विरोध फळाला नाही, खाण्याच्या पद्धतीला आहे. संत्रं आंबट आहे, आणि दुधाच्या दातांवरचं कवच पक्क्या दातांपेक्षा पातळ असतं. दहा मिनिटांत संत्रं संपवलं तर लाळ आम्लाचं बघून घेते. पण एक फोड आता, एक पंधरा मिनिटांनी, अशी तासभर चालली तर दातांना सावरायला वेळच मिळत नाही. एका बैठकीत खाऊ द्या, वर पाणी प्यायला द्या. ब्रश लगेच नको, अर्धा तास तरी जाऊ द्या, आम्लानं कवचाचा वरचा थर मऊ झालेला असतो.

खारूताई
डॉक्टर, धाकटा फोड गालात धरून चोखत बसतो. मला वाटायचं, चला, निवांत खातोय.

माजी परिचारिका
ताई, तीन वर्षांच्या मुलाच्या तोंडात अख्खी फोड? हे आधी थांबवा, बाकीची चर्चा नंतर. फोड गुळगुळीत असते आणि तिचा पापुद्रा चिवट. लहान मुलाला तो नीट तुटत नाही, आतला रस पिळला जातो आणि उरलेला लोळा घशाकडे सरकतो. माझ्या नातवाला असाच ठसका लागला होता. त्यानं स्वतः खोकून काढलं म्हणून निभावलं, पण ते काही क्षण मी विसरलेले नाही. चार वर्षांपर्यंत बिया काढा, जाड पापुद्रा सोलून टाका, फोडीचे आडवे बारीक तुकडे करा. आणि बसवून खायला द्या. पळताना नाही, गाडीत मागच्या सीटवर तर नाहीच.

खारूताई
आजच करते. हे मला खरंच ठाऊक नव्हतं. मनापासून आभार.

साधा प्रश्न
आमच्याकडे एक जण म्हणतं संत्र्यानं सर्दी होते, दुसरं म्हणतं सर्दी पळते. खरं काय?

वाचनवेडी
दोन्ही नाही. सर्दी विषाणूंमुळे होते. क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवरच्या अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा कोक्रेन या संस्थेनं २०१३ मध्ये घेतला. रोज घेणाऱ्या मुलांची सर्दी सरासरी १४ टक्के लवकर आटोपली, पण सर्वसाधारण लोकांत सर्दी होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. सर्दी झाल्यावर सुरू केलं तर ठोस फायदा दिसला नाही. आणि हे गोळ्यांबद्दल, एका संत्र्याबद्दल नव्हे.

उलट ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही ते लोहाचं. डाळी-पालेभाज्यांतलं लोह शरीराला सहजी शोषता येत नाही. क जीवनसत्त्व त्याला आतड्यात शोषता येईल अशा रूपात आणतं, पण दोन्ही एकाच वेळी पोटात असतील तरच. म्हणून खारूताई, तुमचं पाच वाजताचं एकटं संत्रं मला वाया गेल्यासारखं वाटतं. तेच जेवणाबरोबर द्या.

उलटतपासणी
हेच मी वेगळ्या शब्दांत सांगत होतो. जेवणाला संत्रं, मधल्या वेळेला पोट भरेल असं काहीतरी.

खारूताई
वेळेचं पटलं. उद्यापासून संत्रं दुपारच्या जेवणाबरोबर. पाच वाजता थोरलीला उकडलेलं अंडं, धाकट्याला दही. पण एक गोष्ट सोडणार नाही. बिस्किटाचा पुडा फोडायला ती मला हाक मारायची. संत्र्याची साल ती स्वतः काढते, पांढऱ्या शिरा निवडते, फोडी मोजते, आणि भावाला देण्याआधी बिया बाजूला करते. म्हणून आठवड्यातून एक-दोनदा संध्याकाळचं संत्रं राहणार, अंड्याच्या जोडीला. तुकडे मात्र मीच करीन.