गिझर लावला की नळाला शॉक लागतोय, मदत हवी आहे

सांगलीला आईबाबांचं ४० वर्षांचं जुनं घर आहे. परवा गिझर चालू असताना आईने नळाला हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. टेस्टर लावला तर नळावर मंद पेटतोय. मेन बंद करून सॉकेट उघडलं, तर वरच्या जाड पिनेच्या, म्हणजे अर्थिंगच्या, भोकाला वायरच नाही! वायरमन म्हणतो, "एमसीबी आहे, घाबरू नका." पण एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) जादा लोड किंवा शॉर्टसर्किटलाच पडतो ना? विजेच्या गळतीसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) लागतो. तो बसवायचाच आहे, पण जुन्या वायरिंगवर सारखा पडत राहील का? अर्थिंगचा खड्डा आधी करून घ्यावा का? कोणी जुन्या घरात हे काम केलं असेल तर कृपया सांगा. तोवर गिझरची पिन काढून ठेवली आहे, पाणी गॅसवर तापवतोय. आई अजून नळाला हात लावायला घाबरते.