मदत हवी आहे: रास्पबेरी पाय ३ बी पेनड्राइव्हवरून बूट करायचा आहे, ओटीपी बिट जाळावा का?

नमस्कार मंडळी,

रावेर तालुक्यात आमची केळी आहे. ठिबकचे व्हॉल्व्ह उघडबंद करायला मोटारीच्या खोलीत रास्पबेरी पाय ३ बी हा छोटा कॉम्प्युटर बसवलाय. काम चोख करतो, त्रास आहे तो एसडी कार्डाचा. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री, आणि जाते तेव्हा न सांगता जाते. परवा लाईट आल्यावर लाल दिवा लागलेला, हिरवा मात्र चारदा लुकलुकायचा, थांबायचा, परत चारदा. म्हणजे स्टार्ट डॉट ईएलएफ ही सुरू व्हायला लागणारी फाइलच त्याला सापडत नव्हती. कार्ड लॅपटॉपला लावलं तर बूट पार्टिशन उघडेना. मृगबागेचे घड भरताना ४५ अंशांच्या उन्हात पाणी चुकलं तर काय होतं, हे जळगाव जिल्ह्यात कुणाला सांगायला नको.

म्हणून पेनड्राइव्हवरून बूट करायचं म्हणतोय. पण ३ बी ला त्यासाठी कॉन्फिग डॉट टीएक्सटी या सेटिंगच्या फाइलमध्ये 'प्रोग्राम_यूएसबी_बूट_मोड=१' लिहून चिपमधला ओटीपी बिट, म्हणजे एकदाच लिहिता येणारी खूण, जाळावा लागतो, आणि तो पुन्हा कधीच मागे घेता येत नाही. मग उद्या कार्डावरून बूट होईल की नाही?

दुसरं, घरात पाय झिरो डब्ल्यू हा पायचाच लहान बोर्ड आहे. तो राखीव ठेवून दोन्हींवर एकच ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम), उबुंटू सर्व्हर, टाकायचा विचार होता, पण झिरोवर उबुंटू सुरूच होत नाही. १ जीबी रॅमच्या ३ बी वर नेमकी कोणती ओएस टाकावी?

प्रतिसाद, भुसावळहून:
भाऊ, बिटला घाबरू नका. जाळल्यावरही पाय आधी कार्डच बघतो, कार्ड नसेल तरच यूएसबीकडे वळतो. ३ बी प्लसमध्ये तर तो बिट कारखान्यातूनच लागून येतो. तरी मन धजत नसेल तर एक साधी वाट आहे: छोट्या कार्डाला फॅट३२ फॉरमॅट करा आणि त्यावर फक्त बूटकोड डॉट बिन ही एक फाइल ठेवा. बाकी सगळं पेनड्राइव्हवरून उचललं जातं, चिपला हात लागत नाही. त्या कार्डावर पुढे काही लिहिलं जात नाही, त्यामुळे ते सहसा बिघडत नाही.

झिरो डब्ल्यूचा प्रोसेसर एआरएमव्ही६ या जुन्या पिढीचा आहे. उबुंटूला किमान एआरएमव्ही७ लागतो, डेबियन या दुसऱ्या ओएसच्या आर्महार्फ या ३२ बिट आवृत्तीलाही तेच. दोन्ही बोर्डांवर एकच हवी असेल तर ३२ बिटची रास्पबेरी पाय ओएस लाइट (डेस्कटॉप नसलेली) टाका, ती एआरएमव्ही६ साठीच बांधलेली आहे. व्हॉल्व्ह चालवायला डेस्कटॉप कशाला हवा?

प्रतिसाद, चोपड्याहून:
वरचं बरोबर, पण दादा, लिहिता लिहिता लाईट गेली तर पेनड्राइव्हही तसाच खराब होईल. रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंग प्रोग्रामच्या परफॉर्मन्स ऑप्शन्समध्ये ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा आणि बूट पार्टिशनही रीड-ओन्ली करा. मग सगळं लिखाण रॅममध्ये होतं आणि लाईट गेली की पुसलं जातं. पाण्याच्या नोंदी ठेवायच्या असतील तर त्या वेगळ्या पेनड्राइव्हवर. स्क्रिप्ट बदलायची असेल तेव्हा ओव्हरले बंद करून रीबूट करायला विसरू नका, नाहीतर बदल टिकणार नाही.

मूळ लेखक:
दोघांचेही मनापासून आभार. बिट राहू देतो. बूटकोडचं कार्ड आणि ओव्हरले, दोन्ही करतो. झिरोवर ३२ बिटची लाइट ओएस आज रात्रीच टाकतो. नोंदींच्या पेनड्राइव्हला फॉरमॅट एक्सटी४ ठेवू की फॅट३२, तेवढं सांगा.