मदत हवी आहे: क्रॉस-डॉकवर नियोजनाचा फळा लावला, तरी गाड्या तुंबतात

वाडी_डॉक
नागपूर, वाडीतलं क्रॉस-डॉक गोडाऊन, म्हणजे उतरलेला माल न साठवता लगेच दुसऱ्या गाड्यांत भरायचा. ८ दारं: ४ उतराईची, ४ भराईची. संध्याकाळी ६ ते १० मध्ये १२ गाड्या उतरतात, एकेकीला ७५ मिनिटं. माल त्याच रात्री अमरावती, चंद्रपूर, गोंदिया असा ७ मार्गांवर जातो. पांढऱ्या फळ्यावर गाडी नंबर, वेळ, दार सगळं लिहितो. तरी सातनंतर फाटकाशी ५ गाड्या उभ्या, फरशीवर खोक्यांचे ढीग. काय बदलावं?

ओळंबा
भाऊ, आधी हिशेब. १२ गुणिले ७५ म्हणजे ९०० मिनिटं. ४ दारं, ४ तास म्हणजे ९६०. सवड फक्त ६० मिनिटांची, तीही गाड्या एकसारख्या अंतरानं आल्या तर! ५ नंबरचं दार आठपर्यंत उतराईला द्या. तेव्हा भरायला पुरेसा माल जमलेलाच नसतो. १२० मिनिटं वाढतात.

तुमचा फळा म्हणजे यादी आहे, आणि यादीत उशीर दिसत नाही. दारांच्या आडव्या ओळी, अर्ध्या तासाचे उभे रकाने आखा. गाडीगणिक चुंबकी पट्टी कापा, अर्ध्या तासाला ५ सेंमी. म्हणजे ७५ मिनिटांना साडेबारा सेंमी. पट्ट्या एका ओळीत मावल्या नाहीत की गर्दी आधीच कळते. वरून वजन बांधलेला दोरा सोडा, दर अर्ध्या तासाला एक रकाना पुढे सरकवा. गाडी रिकामी झाली की पट्टी उलटी करायची. दोऱ्याच्या डावीकडे सुलटी राहिलेली पट्टी म्हणजे उशीर. मुकादमाला लांबूनही दिसतो. फळा ऑफिसात नको, दारांपाशीच हवा.

पट्टीला दार कधी द्यायचं? गाडी तिकडून निघाल्याच्या वेळेवरून नाही, तिथंच अंदाज चुकतात. चालकानं नागपूरच्या अलीकडे कोंढाळी, मनसर, जाम किंवा भंडाऱ्याला थांबून फोन करावा. तोवर पट्टी ‘रस्त्यावर’ या रकान्यात. दार दिलं की बदलायचं नाही.

पिवळी_रेघ
फरशीवरही आखा. प्रत्येक मार्गाचा पट्टा भराईच्या दारासमोर, १२०० बाय १००० मिमीच्या पॅलेटला (माल रचायची फळी) सव्वा मीटर रुंद. आठव्या पॅलेटवर पिवळी रेघ, दहाव्यावर लाल. पिवळीला माल टेकला की त्या मार्गाची गाडी दाराला लावायची. लाल ओलांडायची नाही, नाहीतर हँड पॅलेट ट्रकची वाट बुजते आणि सगळ्याच दारांचं काम थांबतं.

वाडी_डॉक
एका उशिराच्या गाडीसाठी भराईच्या तीन थांबतात, त्याचं?

ओळंबा
प्रत्येक मार्गाची सुटायची वेळ फळ्यावर लाल रंगात लिहा, त्यानंतर थांबायचं नाही. राहिलेला माल वेगळ्या पट्ट्यात, वर ई-वे बिलाची (माल नेण्यासाठीचा जीएसटीचा ऑनलाइन दाखला) मुदत लिहिलेलं कार्ड. साध्या मालाला २०० किमीमागे एकच दिवस मिळतो आणि वाढवून घ्यायची सोय मुदत संपण्याच्या आधी ८ तास व नंतर ८ तास एवढीच. ते कार्ड रात्रपाळीनं सुटताना सकाळच्या पाळीच्या हातात द्यायचं.