चार दाती बछेरा, पूर्ण दातांचा आख्ता, जवान तट्टू: नक्की वय किती समजायचं?

वाळूवाट (प्रश्न)
अलिबाग तालुक्यात किनाऱ्यावर घोडागाडीला एक घोडा घ्यायचाय. सारंगखेड्याच्या बाजारातून जनावरं आणणाऱ्या दलालाने तीन सांगितली आहेत: "चार दाती बछेरा", "पूर्ण दातांचा आख्ता" आणि "जवान तट्टू". बैलाचे दात बघता येतात, घोड्याचे कधी बघितले नाहीत. चार दाती बैल आपण तीनेक वर्षांचा धरतो, घोड्यालाही तोच हिशेब का? तट्टू म्हणजे अजून वाढायचा घोडा का? गाडी दिवाळीपासून चालवायची आहे. सध्या फक्त व्हिडिओ बघायला मिळणार, तेव्हा काय मागून घेऊ तेही सांगा.

पागा
दलालाने तुम्हाला तीन वेगळ्या गोष्टींची उत्तरं एकाच दमात दिली आहेत. बछेरा हे वय झालं, आख्ता म्हणजे खच्ची केलेला, आणि तट्टू ही उंची. तिन्ही शब्द एकाच घोड्याला एकाच वेळी लागू पडू शकतात.

आधी तट्टूचं. आयाळ संपते तिथल्या खांद्याच्या उंचवट्यापासून जमिनीपर्यंत 58 इंचांच्या आत भरलं तर तट्टू. ते वीस वर्षांचं झालं तरी तट्टूच राहतं, त्याचा घोडा होत नाही. "जवान तट्टू" यातला जवान हा शब्द फुकटचा आहे, पाच वर्षांच्यालाही लावतात आणि चौदाच्यालाही.

जन्मल्यापासून आईमागे फिरतं ते शिंगरू, नर असो वा मादी. साधारण सहाव्या महिन्यात दूध तोडतात, तरी वर्षाचं होईपर्यंत शिंगरूच म्हणतात. पुढे नर तो बछेरा, मादी ती बछेरी. हे शब्द राजस्थान, उत्तर प्रदेशाकडच्या व्यापाऱ्यांबरोबर बाजारात रुळलेत. त्यांची वयाची हद्द कुणी आखलेली नाही, दीड वर्षाच्यालाही बछेरा म्हणतात आणि चार वर्षांच्यालाही. खच्ची न केलेला तो अंडील. त्यातला पैदाशीला ठेवलेला तो वळू.

दातपारखी
बैलाचा हिशेब इथे लावू नका, फसाल. बैलाला खाली पुढचे 8 दात आणि वर एकही नाही. घोड्याला खाली 6 आणि वर 6. म्हणजे बैल आठ दातांवर जुळतो (तोंड पूर्ण होतं), घोडा सहावर.

दुधाचे दात पडून कायमचे येतात त्यावरून मोजायचं, आणि पाच वर्षांपर्यंत हे मोजमाप बऱ्यापैकी पक्कं असतं. मधली जोडी अडीच वर्षांना बदलते, तिच्या बाजूची साडेतीनला, कोपऱ्याची साडेचारला. नवा दात समोरच्या दाताला टेकून घासायला लागेपर्यंत आणखी सहाएक महिने जातात, म्हणून पाचव्या वर्षी तोंड पूर्ण झालं असं धरतात. तुमचा चार दाती बछेरा त्यामुळे साडेतीन ते साडेचारच्या मधला.

दुधाचा दात पांढरा, लहान, हिरडीपाशी गळा आवळल्यासारखा. कायमचा रुंद, पिवळसर, वर उभ्या रेघा. हा फरक ओळखता आलाच पाहिजे, कारण दोन वर्षांच्या बछेऱ्याचे सहाही दुधाचे दात एका ओळीत टेकलेले असतात आणि लांबून ते पाच वर्षांचं पूर्ण तोंड वाटतं. "पूर्ण दात" म्हणून दोन वर्षांचं पोर गळ्यात मारण्याचा प्रकार यातूनच होतो. शंका आली तर सुळे बघा: नराला ते चार ते पाच वर्षांत फुटतात. घोडीला बहुतेक वेळा नसतातच, म्हणून घोडीत ही खूण धरू नका.

पाचाच्या पुढे अंदाजच. खालच्या दातांच्या घासणाऱ्या बाजूवर काळा खळगा असतो, तो मधल्या जोडीत सहाव्या वर्षी, बाजूच्या जोडीत सातव्या, कोपऱ्याच्या जोडीत आठव्या वर्षाच्या सुमाराला बुजतो. दहाव्या वर्षी वरच्या कोपऱ्याच्या दातावर बाहेरून हिरडीपाशी तपकिरी चर दिसू लागते, पंधराला ती अर्ध्यावर येते, विसाला टोकापर्यंत. दातांची ठेवणही बदलते: तरुण घोड्याचे वरचे-खालचे दात बाजूने बघितले तर सरळ उभे भिडतात, म्हाताऱ्याचे पुढे झुकतात. घासणारी बाजू आधी आडवी लांबट, मग गोल, मग तिकोनी.

म्हाताऱ्या घोड्याच्या दातात कोरून किंवा डागून खोटा खळगा करतात. खऱ्या खळग्याभोवती पांढऱ्या कवचाची कडा असते, कोरलेल्याला ती नसते. दात तिकोनी आणि पुढे झुकलेले, पण खळगा मात्र ठळक, असं दिसलं की सौदा तिथेच सोडा.

किनाऱ्यावरच्या घोड्यांबाबत एक: वाळूवर टाकलेला चारा खाऊन दात लवकर झिजतात, म्हणून आपल्याकडचा सात वर्षांचा घोडा दहाचा दिसू शकतो.

वाळूवाट
चार दाती बछेरा आख्त्यापेक्षा बराच स्वस्त पडतोय. शिकवून दिवाळीला जुंपला तर?

खूरनाल
शिकवा, पण या हंगामात भाड्याला काढू नका. गुडघ्यावरच्या लांब हाडाची वाढ अडीच वर्षांच्या आसपास थांबते, पण पाठीच्या मणक्यांची पाचाच्या पुढेही चालते. गाडीत पाठीवर थेट ओझं येत नाही हे खरं, तरी सैल कोरड्या वाळूत चाक रुतलं की सगळा जोर पायामागच्या शिरांवर जातो. भरतीच्या रेषेखालच्या ओल्या घट्ट वाळूत रिकामी गाडी, दिवसाला अर्धा-पाऊण तास, एवढंच. ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंतचा दगडगोट्यांचा पट्टा तर त्याच्यासाठी नकोच. नडगीच्या मागे हात लावून दोन्ही पाय ताडून बघत जा. एक पाय गरम किंवा जाड लागला की काम बंद.

कायदाही वयाकडे बघतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात वयामुळे कामाला लायक नसलेलं जनावर कामाला लावणं गुन्हा आहे. 1965 च्या नियमांत दिवसाला एकूण 9 तास, सलग 5 तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा 37 अंशांच्या वर असेल तिथे दुपारी 12 ते 3 जुंपायचं नाही.

दुसरं म्हणजे बछेरा अंडील असेल. किनाऱ्यावर आजूबाजूला घोड्या असतात. एखादी माजावर आली की गाडीत पर्यटक आहेत की नाही हे तो बघत नाही. खच्ची करायचं तर पावसाळा टाळा, चिखल आणि माश्यांनी जखम चिघळते. थंडीत करा, धनुर्वाताची लस आधी द्या, आणि नंतरही चार ते सहा आठवडे माद्यांपासून लांब बांधा, तेवढ्यात गाभ राहू शकतो.

माझं मत आख्त्यालाच. फक्त तो खरंच आख्ता आहे का ते बघा. काहींची एक गोळी (वृषण) पोटातच अडकलेली असते. खालची एक काढून आख्ता म्हणून विकतात आणि जनावर वळूसारखंच वागत राहतं. पशुवैद्याकडून रक्ताची तपासणी केली की कळतं.

पागा
इंटरनेटवर वय शोधाल तर महालक्ष्मीच्या रेसची नावं समोर येतील: यरलिंग (वर्षाचं), कोल्ट (तरुण नर), फिली (तरुण मादी), मेअर (मोठी घोडी). तो हिशेब वेगळा. तिथे घोडा कुठल्याही महिन्यात जन्मलेला असो, 1 जानेवारीला एक वर्षाने मोठा धरतात. फेब्रुवारीत होणाऱ्या इंडियन डर्बीतले "चार वर्षांचे" घोडे त्यामुळे बऱ्याचदा प्रत्यक्षात चार पूर्ण झालेले नसतात. बाजारातल्या घोड्याला हे लावू नका, तिथे जन्मतारीख कुणी लिहून ठेवत नाही.

दातपारखी
व्हिडिओत एवढं मागा: ओठ वर करून समोरून दात, मग दोन्ही बाजूंनी, मग तोंड उघडून खालच्या दातांची घासणारी बाजू. खांद्याला इंचपट्टी लावलेली. मागून, शेपूट उचलून, म्हणजे आख्ता आहे का ते दिसेल. कठीण जमिनीवर सरळ दुडकी, येताना आणि जाताना. मान एका पायावर दर वेळी वर होत असेल तर त्या पुढच्या पायात दुखणं आहे.

खूरनाल
लीदही बघायला सांगा. चार गोळे पारदर्शक बाटलीत पाण्यात कालवून ठेवले की पोटातली वाळू तळाला बसते. तुमच्याकडे आल्यावर हे महिन्यातून एकदा करा. पेंढा वाळूवर न टाकता घमेल्यात किंवा गव्हाणीत द्या, नाहीतर पोटशूळ ठरलेला. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर वाढतं शिंगरू किंवा बछेरा ठेवू नका, हाडं भरत नाहीत.

इसार देताना चिठ्ठीवर असं लिहून घ्या: आख्ता, खालचे सहाही दात कायमचे, उंची इतके इंच. "जवान" लिहू देऊ नका.