गुण आधी की मैदान आधी?

खेळणाऱ्या मुलांचे गुण अधिक असतात, म्हणजे खेळानेच अभ्यास सुधारतो, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. अमेरिकेतील टेक्सासमध्ये १९८४ च्या कायद्याने एखाद्या विषयात ७० पेक्षा कमी गुण मिळालेल्या विद्यार्थ्याला काही आठवडे स्पर्धेत उतरण्यास मनाई केली. साहजिकच अशा ठिकाणी अभ्यासात कच्ची मुले संघातून आधीच गळतात आणि खेळाडूंची सरासरी वर दिसते. आपल्याकडे राज्य मंडळ पात्र खेळाडूंना दहावी-बारावीत सवलतीचे क्रीडागुण देते, त्यामुळे तुलना करायचीच तर ते वगळून करावी. शिवाय नागपुरातील मानकापूरच्या क्रीडा संकुलात मला नेहमी दिसणारी बरीच मुले शिकवणी परवडणाऱ्या घरांतली आहेत (आमचे चिरंजीवही त्यांतच).