पाहुण्या बाई एपिस्कोपल आहेत, रविवारी कुठल्या चर्चला न्यायचं? (आणि शरणपूरबद्दल एक प्रश्न)

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. बहिणीची अमेरिकेतली शेजारीण पुढच्या महिन्यात नाशकात आमच्याकडे येतेय. साठीच्या पुढची आहे, रिटायर्ड टीचर, फिलाडेल्फियाची. एपिस्कोपल चर्चची आहे आणि रविवार चुकवत नाही म्हणे, त्यामुळे बहिणीने आत्तापासून मागे लागून विचारलंय की नाशकात त्यांचं चर्च आहे का बघ. आता आमचं याबाबतीतलं ज्ञान म्हणजे नाताळात त्र्यंबक नाक्याकडे होली क्रॉसची रोषणाई बघायची आणि फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला नाशिकरोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकायचं, संपलं. एपिस्कोपल म्हणजे नक्की कुठले, कॅथलिक का दुसरे, आणि त्यांना होली क्रॉसला नेलं तर चालेल का?

दुसरा प्रश्न माझा स्वतःचा. शरणपूर रोडवरून आयुष्यभर जा-ये केली, सेंट अँड्र्यूज चर्च बाहेरून शंभरदा बघितलं, आत कधी गेलो नाही. आमचे आजोबा सांगायचे की शरणपूरला पूर्वी आफ्रिकेतली माणसं राहायची. लहानपणी वाटायचं म्हातारा फेकतोय. यात काही तथ्य आहे का? असेल तर बाईंना दाखवण्यासारखं बरंच निघेल, नाहीतर आमची गाडी पंचवटी, काळाराम, पांडवलेणी आणि मिसळ यापुढे जात नाही.

बेथेलनगरची

दादा, होली क्रॉस आणि बाळ येशू दोन्ही कॅथलिक. तिथे गेल्या तर कोणी हाकलणार नाही, बसतील, ऐकतील, पण कॅथलिकांच्या मिस्सामध्ये (म्हणजे उपासनेत) कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजन, बाईंना घेता येणार नाही. एपिस्कोपल म्हणजे अमेरिकेतले अँग्लिकन, इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, आणि आपल्याकडे अँग्लिकनांचे वारस म्हणजे सीएनआय, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा वेगवेगळी चर्च एकत्र येऊन सीएनआय झालं, त्यात अँग्लिकन होते, बाप्टिस्ट होते, ब्रदरन होते, बाकीचेही होते. सीएनआय आजही अँग्लिकन कम्युनियनमध्ये, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन चर्चच्या संघात, आहे आणि तुमच्या बाईंचं चर्चही आहे, म्हणून त्या आमच्या सीएनआयच्या सेंट अँड्र्यूजला आल्या तर प्रभुभोजनासाठी पुढे येऊ शकतात, पाहुण्या म्हणून मागे बसून राहायची गरज नाही. फक्त प्रभुभोजन कुठल्या रविवारी आहे ते आधी विचारून घ्या.

उपासना मराठीत असते. त्यांना शब्द कळणार नाहीत पण क्रम कळेल, कारण पापांगीकार, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना या गोष्टी त्यांच्याकडेही त्याच असतात, कुठे उभं राहायचं कुठे बसायचं हे त्यांना तुमच्यापेक्षा आधी समजेल बघा :) गाणी मात्र वेगळी वाटतील. नारायण वामन टिळकांची पदं पेटी-तबल्यावर लागली की आमच्याकडची म्हातारी माणसं पुस्तक न उघडता म्हणतात, आणि ती चाल चर्चपेक्षा कीर्तनाच्या जवळची असते. आमच्या बायका प्रार्थनेला डोक्यावर पदर घेतात, त्यांनी नाही घेतला तरी काही नाही. आणि पाळकसाहेब म्हणा हं, फादर नको, आमच्यातल्या जुन्या लोकांना ते खटकतं.

वेळ सणावाराप्रमाणे मागेपुढे होते, तेव्हा शनिवारी एक चक्कर मारून विचारून घ्या. गाडी आणू नका, रिक्षाने या. त्या रस्त्यावर पार्किंगचं काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

जुनंनाशिक

आजोबा फेकत नव्हते. उलट त्यांनी कमीच सांगितलं असेल.

जरा लांबून सुरू करतो. चर्च मिशनरी सोसायटी, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकनांची मिशन, नाशकात आली १८३२ मध्ये. पेशवाई बुडून तेव्हा चौदा वर्षं झालेली आणि नाशिक म्हणजे तीर्थक्षेत्र, त्यामुळे गावात यांचं स्वागत कसं झालं असेल याचा अंदाज करा. जो माणूस बाप्तिस्मा घेई तो त्याच दिवशी घरातून, जातीतून आणि पाणवठ्यावरून बाहेर. राहायचं कुठे, खायचं काय? म्हणून रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस याने १८५४ च्या सुमारास गावाबाहेर पश्चिमेला वेगळी वस्तीच वसवली, तीच शरणपूर. घरं, शाळा, अनाथाश्रम, सुतारकाम लोहारकाम शिकवायचे वर्कशॉप. आज आपण सीबीएसवरून निघून महापालिकेच्या राजीव गांधी भवनावरून कॅनडा कॉर्नरला पाच मिनिटात पोचतो (सिग्नल लागला नाही तर), पण तेव्हा हे सगळं गावकुसाबाहेर होतं, मध्ये मळे.

आता आफ्रिका. इंग्रजांचं आरमार तेव्हा अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून लहान लहान पोरं धरून अरबस्तानात, इराणच्या आखातात विकायला न्यायचे, ती वाटेत सुटायची आणि मुंबईला उतरवली जायची. मुंबईत या पोरांचं करायचं काय हा सरकारपुढे प्रश्न, त्यातली बरीच शरणपूरला पाठवली. तिथे आफ्रिकन असायलम, म्हणजे या मुलांचा आश्रम, होतं. ही मुलं इथे मोठी झाली, इथल्या शाळेत शिकली, हातात धंदा घेतला, आणि इंग्रजीत त्यांचं नाव पडलं नासिक बॉइज. बाहेरच्या देशातल्या इतिहासाच्या पुस्तकांत हा शब्द सर्रास सापडतो, आणि नाशकात कोणाला विचारलं तर म्हणतो क्रिकेट टीम का?

१८६५ मध्ये डॉ. लिव्हिंग्स्टन, तोच आफ्रिका शोधणारा, आपल्या शेवटच्या सफरीची माणसं जमवायला मुंबई इलाख्यात आला आणि शरणपूरची नऊ मुलं त्याच्याबरोबर गेली. सगळे काही हिरो निघाले नाहीत, लिव्हिंग्स्टनने आपल्या डायरीत त्यांच्या नावाने भरपूर बोटं मोडलीयत. मुंबईहून नेलेले उंट आणि म्हशी यांचे हाल केले म्हणून, कामचुकारपणा केला म्हणून. बहुतेक जण वाटेत गळाले. पण एडवर्ड गार्डनर आणि नॅथनिएल कुंबा (याला माबरुकी म्हणायचे) हे दोघे शेवटपर्यंत राहिले. नंतर १८७२ मध्ये आणखी सहा जण नाशकातून गेले, त्यात जेकब वेनराइट.

१ मे १८७३ ला लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात चितांबोच्या गावी वारला. या माणसांनी काय केलं बघा. काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, त्या वेळी अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती या जेकबने, कारण त्याला वाचता येत होतं, आणि झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानेच. मग देह मीठ लावून उन्हात वाळवून, झाडाच्या सालीत गुंडाळून, वर शीड शिवून, गासडी खांद्यावर घेऊन पायी पायी समुद्रापर्यंत आणली, पंधराशे किलोमीटरच्या वर. प्रेत घेऊन चाललोय हे वाटेतल्या गावांना कळलं तर पुढे जाऊ देणार नाहीत म्हणून लपवत छपवत. १८ एप्रिल १८७४ ला लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन झालं तेव्हा पेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत जेकब वेनराइट होता. शरणपूरच्या शाळेत शिकलेला पोरगा. आपल्याकडे त्याच्या नावाची एक गल्ली नाही, आणि नगरसेवकांच्या नावाच्या कमानी मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल.

हे लोक गेले कुठे? त्याच काळात हाच प्राइस मोंबासाला गेला, तिथे सुटलेल्या गुलामांसाठी फ्रेअर टाउन वसवलं, मुंबईचा माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअरच्या नावाने. नाशिकचे आफ्रिकन तिकडे शिक्षक, कारागीर, पुढे पाळक म्हणूनही गेले. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर हे त्यातले मोठे. म्हणजे शरणपूरचा नमुना उचलून केनियाच्या किनाऱ्यावर लावला. १८७२ च्या तुकडीतला मॅथ्यू वेलिंग्टन तर मोंबासात १९३५ पर्यंत जिवंत होता.

भद्रकाली_एक्सप्रेस

छान छान. पण धर्मांतराचा कारखाना होता तो हे पण लिहा की. नुसतं कौतुक चाललंय.

जुनंनाशिक

लिहिलंय की, मिशन म्हणून. कौतुक मिशनचं नाही चाललेलं. त्या पोरांना त्यांची आधीची नावंसुद्धा उरली नव्हती, वेनराइट, गार्डनर, प्राइस, स्मिथ ही सगळी दिलेली नावं, कोणी मिशनऱ्याचं कोणी देणगीदाराचं असेल. आईबापांपासून तोडलेलं आठ-दहा वर्षांचं पोर बोटीवरून उतरतं, त्याला नवं नाव, नवा धर्म आणि सुताराचा रंधा एकदमच हातात मिळतो, यात त्याला कोणी काय विचारलं असेल? पण म्हणून पंधराशे किलोमीटर प्रेत वाहणारी माणसं आपल्या गावात वाढली हे खोटं होत नाही. बाकी वाद घालायचा तर नवीन धागा काढा, इथे त्यांना रविवारचं बघायचंय.

फिलीतला_सिडकोवाला

सिडको, नाशिकचा, गेली बरीच वर्षं फिलाडेल्फियात. बाई तिकडच्या म्हटल्यावर लिहायलाच लागलो.

त्यांना आधी सांगू नका, शरणपूर थेट दाखवा, त्यांना ते जास्त भिडेल. का ते सांगतो. इथे ओल्ड सिटी म्हणून भाग आहे, सेकंड स्ट्रीटवर क्राइस्ट चर्च. मंडळी १६९५ ची, आत्ताची विटांची इमारत १७४४ ला पुरी झाली, मनोरा १७५४ चा, आणि त्या मनोऱ्यासाठी पैसे जमवायला चक्क लॉटरी काढलेली, बेंजामिन फ्रँकलिन त्यात पुढे. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर अँग्लिकनांची पंचाईत झाली, कारण इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहायची शपथ घेतल्याशिवाय बिशप होता येईना. पहिला बिशप, सॅम्युअल सीबरी, १७८४ मध्ये त्यासाठी स्कॉटलंडला ॲबरडीनला जाऊन आला. मग १७८९ मध्ये फिलाडेल्फियातच एपिस्कोपल चर्चची घटना मंजूर झाली. म्हणजे चर्च तेच, राजा वजा.

चर्चपासून थोडं चाललं की त्यांची दफनभूमी, तिथे फ्रँकलिनची कबर, लोक वरून एक-एक सेंटची नाणी टाकतात. एल्फ्रेथ्स ॲली म्हणून एक बोळ आहे, अठराव्या शतकातली कारागिरांची घरं, दगडी फरसबंदी, आणि अजून माणसं राहतात आत, कपडे वाळत घालतात, पर्यटक खिडकीतून डोकावतात आणि ते वैतागतात. मधल्या काळात ओल्ड सिटी म्हणजे गोदामं होती, आता त्याच गोदामांत महागडे फ्लॅट आणि आर्ट गॅलऱ्या. मला कॅनडा कॉर्नर आठवतो. मळ्यातला बंगला पाडून कॉम्प्लेक्स, खाली बँक वर क्लास.

आणि मुद्द्याची गोष्ट. याच शहरात ॲब्सलॉम जोन्स नावाचा माणूस, जन्माने गुलाम, पुढे गुलामीतून सुटला. चर्चमध्ये काळ्यांना वेगळं बसवायला लागले तेव्हा तो आणि बाकीचे उठून निघून गेले, आणि १७९४ मध्ये सेंट थॉमस हे काळ्यांचं एपिस्कोपल चर्च उघडलं. तो पुढे त्या पंथाचा पहिला काळा पाळक. तिकडच्या एपिस्कोपल माणसाला हे नाव माहीत असतंच. त्यांना जेकब वेनराइटची गोष्ट सांगा मग बघा, पांडवलेणी राहतील बाजूला.

गंगापूररोडकर

अरे बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. आजोबांना स्वर्गात दंडवत. दोन शंका. टिळक म्हणजे रेव्हरंड टिळक, ते शरणपूरचेच का? आणि त्या भागात चर्च सोडून त्यांना अजून काय दाखवू?

बेथेलनगरची

नाही दादा, टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ ला मुंबईत झाला आणि त्यांचं मिशन अमेरिकन मराठी मिशन, नगरचं, ते अँग्लिकन नव्हते. पण त्यांचं शिक्षण नाशकात झालं होतं, त्यांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचं, माहेर इथून जवळच, जलालपूर, आणि १९३६ मध्ये त्या वारल्या त्याही नाशकातच. म्हणून नाशिककर टिळकांना आपलेच धरतात. मंडळी वेगळी असली तरी गाणी सगळ्यांची, ते कोणी अडवत नाही.

दाखवायचं म्हणाल तर उपासना सुटल्यावर लगेच पळवू नका त्यांना. बाहेर लोक घोळक्याने उभे राहतात, कोणीतरी हमखास विचारेल कुठून आलात, आणि एखाद्या आजी इंग्रजीत सुरू झाल्या तर तासाची निश्चिंती, मिशनच्या शाळेत शिकलेल्या आहेत त्या. मग वस्तीतून पायी एक फेरी मारा, नंतर तिबेटियन मार्केटला न्या, रस्ता तोच, स्वेटर घेतील. आणि नाताळाच्या आसपास येणार असतील तर सांगा मला, आमच्याकडे कॅरलवाले रात्री घरोघर फिरतात आणि फराळाला करंज्या, शेव, अनारसे असतात, तुमच्या दिवाळीसारखंच.

अजून एक. फोटो काढायचे असतील तर उपासनेच्या आधी किंवा नंतर, पाळकसाहेबांना विचारून. आणि कबरींवर पाय देऊन सेल्फी काढू नका हो, परवा कॉलेजची पोरं हेच करत होती, आमच्या मामांनी चांगलीच झापली त्यांना.